वरचा वारा

कोल्हापूर,
ता. १० डिसेंबर १९०१

वीरभद्रअण्णांना नजीराचा सलाम. रीत म्हणून लिहिला आहे, मनातून आलेला नाही, हे आधीच सांगते.

धारवाडला तुमच्या मामांच्या पत्त्यावर हे पत्र टाकते आहे. तुम्ही तिथे आहात हे तुमच्या आईंनी सांगितलं नाही. मी नुसतं 'धारवाड' म्हटलं आणि त्यांनी तोंडाला पदर लावला, तेव्हा कळलं. तुमचा दोस्त सकाळी बलूनमध्ये बसून वर गेला, दिवेलागणीपर्यंत परत आला नाही, आणि त्याच रात्रीच्या गाडीने तुम्हीही पसार झालात. तालमीत तुम्हा दोघांची जोडी म्हणून नाव होतं. आता जोडी बघायची कुठे, आभाळात की धारवाडला?

ज्या इनामदारांनी बलूनसाठी रेशीम आणि त्यात भरायचा गॅस करायला तेजाब पुरवलं, त्यांचा माणूस रोज येऊन दारात उभा राहत होता. त्याला माणसाची काळजी नाही, रेशमाची आहे. शेवटी मी त्याला म्हटलं, "रेशीम घावलं की आणून देते. पर आत माझा नवरा गुंडाळलेला असंल, त्यो तेवढा मला ठेवा." तेव्हापासून यायचा बंद झाला.

आता मुद्द्याचं. बलून मावळतीला गेलं हे सगळ्या कोल्हापूरने डोळ्यांनी बघितलं. पंचगंगेवरून गेलं, जोतिबाच्या डोंगराच्या डाव्या अंगाला सरकलं आणि पन्हाळ्याच्या बाजूला धुरकटात दिसेनासं झालं. त्यामुळे माझे मोठे दीर शमशुद्दीनभाई तालमीतली माणसं घेऊन तिकडचंच रान पालथं घालत आहेत. रात्री परत येतात तेव्हा पाय काट्यांनी फाटलेले असतात. कोणाला बोल लावू?

पण आदल्या दिवशी हे मला काय म्हणाले ते तुम्हाला सांगायला हवं. म्हणाले, "जाताना खालच्या वाऱ्यानं जाणार, येताना वरच्या वाऱ्यानं येणार. आपल्या घरावरनं उगवतीकडं जाईन. तू नुसतं वर बघ." मी म्हटलं, "येताना मंडईतनं मिरच्या तेवढ्या आणा." ते हसले. मला वाटलं, नेहमीची फुशारकी. हा माणूस कुस्ती हरून आला तरी जिंकल्यासारखा आंघोळीला पाणी मागायचा.

हे मी शमशुद्दीनभाईंना सांगितलं. ते म्हणाले, "अगं, वारा म्हंजे काय मिरजंची गाडी हाय व्हय, गेली की परत यायला?" बाकीची माणसं हसली. याचं उत्तर मलाही माहीत नव्हतं.

तुम्हाला माहीत आहे. ही वरच्या वाऱ्याची गोष्ट यांच्या डोक्यात तुम्हीच घातलीत. तुम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले, भूगोलाची पुस्तकं वाचलेले. मला बाळबोध अक्षरं शिकवलीत तीही तुम्हीच, म्हणून आज तुमच्याशी भांडता तरी येतं. मला एकच सांगा. वर खरंच दुसरा वारा आहे का? असला तर तो कुठे नेतो? एका ओळीत लिहा. आहे म्हणून लिहा, नाहीतर थाप होती म्हणून लिहा. मी रागावणार नाही. रागावले तरी धारवाडला येऊन काय करणार आहे?

बाकी घरचं काय लिहू. त्या दिवशी रमजानसाठी वळलेल्या शेवया माळवदावर वाळत घातल्या होत्या. बलून दिसेनासं झालं तरी मी तिथेच बसून होते, पन्हाळ्याकडे तोंड करून. दुपार कलायच्या सुमाराला माझ्या डोक्यावर, पाठीवर, शेवयांवर भुरभुर वाळू आली. शेजारी झुंबरबाईंच्या भिंतीला गिलावा चालू आहे, त्यांचा गवंडी वाळू कशी उडवतो ते मी आधीही बघितलं होतं. उठले ती तडक भिंतीशी गेले आणि झुंबरबाईंना नाही नाही ते बोलले. त्यांनीही ऐकून घेतलं नाही. राग कोणावर तरी काढायचाच होता, तो त्यांच्यावर निघाला. आता आमचं बोलणं बंद आहे. शेवया टाकवत नाहीत आणि खाववतही नाहीत, म्हणून डब्यात भरून ठेवल्या आहेत.

उत्तर लवकर पाठवा.

नजीरा


कोल्हापूर,
ता. २२ डिसेंबर १९०१

वीरभद्रअण्णा,

रोजे सुरू होऊन दहा दिवस झाले. तुमचं पत्र नाही.

घोंगडं सापडलं. पन्हाळ्याच्या अलीकडे एका करंजाच्या झाडावर अडकलं होतं. मीच यांना दिलेलं, काळं, कडेला लाल दोऱ्याने मी स्वतः टीप घातलेलं. वर गारठा असतो म्हणून तुम्हीच म्हणाला होता ना, घोंगडं घेऊन जा म्हणून? शमशुद्दीनभाईंनी ते माझ्या पुढ्यात ठेवलं आणि तोंड फिरवून उभे राहिले. सासूबाईंनी ते उचललं आणि पांघरलं. अजून अंगावरून उतरवलेलं नाही. नमाजालाही त्याच्यातच उभ्या राहतात.

आता सगळ्यांचं एकच म्हणणं झालं आहे की घोंगडं तिथे तर माणूसही तिथेच. कोणी म्हणतं दरीत पडला, कोणी म्हणतं वाघाने ओढला. वडीलधाऱ्या बायका येऊन बसतात. काल त्यातली एक म्हणाली, "पोरी, बांगड्या उतरव आता. किती दिवस अशी अधांतरी ऱ्हाणार?" मी म्हटलं, "मयत दाखवा, मग उतरवते. घोंगड्यासाठी बांगड्या उतरवायला मी काय घोंगड्याशी निकाह लावलाय व्हय?" सगळ्या उठून गेल्या. माझी जीभ तुम्हाला माहीत आहे. पण अण्णा, त्या गेल्यावर मी चुलीपुढे बसून इतकी रडले की रोजा सोडायची वेळ होऊन गेली तरी कळलं नाही.

त्याच चुलीपुढे बसून तुम्ही आम्हाला वारा शिकवला होता, आठवतं? मी भाकऱ्या भाजत होते. तुम्ही म्हणालात, धूर बघा. चुलीवरून सरळ वर जातो, आढ्याला लागतो, मग आढ्याखालून दाराकडे सरकतो. आणि खाली, पायाशी, दारातून गार हवा चुलीकडे येते. म्हणजे एकाच खोलीत खाली एक वारा आणि वर त्याच्या उलटा. मग म्हणालात, पृथ्वीचंही असंच आहे. लंकेच्या खालच्या अंगाला ऊन जास्त, ती तिची चूल. थंडीत आपल्याकडचा खालचा वारा तिकडे ओढला जातो आणि वर गेलेली हवा वरच्या वर परत फिरते. पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून दोन्ही वारे तिरके होतात. खालचा उगवतीकडून आल्यासारखा लागतो आणि वरचा मावळतीकडून. मी म्हटलं, "लंकेच्या चुलीवर भाकरी कोण भाजतंय मग?" तुम्ही दोघं हसलात. पण यांचे हसून झाल्यावरही डोळे आढ्यालाच होते. भाकरी करपली तरी मी यांच्याकडेच बघत राहिले, कारण असा चेहरा मी यांचा लग्नातही बघितला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून घरात दुसरा विषयच नाही. रेशमाच्या पट्ट्या मी शिवल्या. आम्ही तंबू शिवणारी माणसं, टीप कुठे दुहेरी घ्यायची ते मला कोणी सांगायला नको. जवसाचं तेल चोपडून चोपडून माझे हात महिनाभर वास मारत होते. बलूनमधून खाली टाकायच्या पिशव्यांत भरायची वाळू यांनी पंचगंगेवरून आणली. मी म्हटलं, यात खडे आहेत, एवढ्या उंचावरून कोणाच्या डोक्यात पडला तर? आणि पिठाच्या चाळणीने सगळी वाळू चाळून दिली. सासूबाईंनी त्या चाळणीवरून दोन दिवस बोलणं टाकलं होतं. हे म्हणाले, "एवढी बारीक वाळू? ह्याचा तर शिरा व्हईल की गं."

बघा, कुठल्या कुठे वाहवत गेले. लिहायचं एवढंच होतं की मी वाट बघते आहे. यांची बघते आणि तुमच्या पत्राचीही. इनामदारांना भिऊन गेला असाल तर त्यांचा माणूस आता येत नाही. माझ्या तोंडाला भिऊन गेला असाल तर मी काही बोलणार नाही. तुम्ही म्हणाल तिकडे शोधू. तुम्ही म्हणाल की थाप होती, तर मी पन्हाळ्याच्या रानात जाऊन स्वतः बघेन. पण हे असं मध्येच ठेवू नका. माझ्याने आता सहन होत नाही.

नजीरा


कोल्हापूर,
ता. २ जानेवारी १९०२

अण्णा,

कार्ड मिळालं. आत्ताच. दारातच वाचलं, मग आत येऊन वाचलं, मग शमशुद्दीनभाईंना वाचून दाखवलं.

तुम्ही लिहिता, "घोंगडं टाकलं म्हणजे वर गेला. वजन कमी केल्याशिवाय वर जाता येत नाही. वर वारा उगवतीकडेच. मिरजेच्या बाजूला, कृष्णेकडे, त्याच्याही पुढे शोधा. तुमची पत्रं आज उघडली. उघडायचा धीर झाला नव्हता."

शमशुद्दीनभाईंनी कार्ड हातात घेऊन उलटंसुलटं केलं. म्हणाले, "म्हंजे आम्ही उलटीकडंच?"   सासूबाई घोंगड्यातून म्हणाल्या, "मी सांगत न्हवते, माझा ल्योक गैबी असल्या थंडीत उगंच न्हाय टाकायचा पांघरूण?" त्या असं कधीच म्हणाल्या नव्हत्या. पण आज त्यांनी घोंगडं काढून घडी करून ठेवलं.

उद्या सकाळच्या गाडीने मी आणि शमशुद्दीनभाई निघतो. शिरोळ रोडला उतरायचं, तिथून बैलगाडीने नृसिंहवाडी, नावेने कृष्णा ओलांडायची आणि पलीकडे गावोगाव विचारत जायचं. यांचा धुतलेला सदरा घेतला आहे. मिरच्याही घेतल्या आहेत, हिरव्या, सांगितल्या होत्या आणि आणल्या नाहीत म्हणून तोंडावर मारायला. हसू नका. कुठल्या तरी गावात पाय मोडून पडले असतील, कोणी तरी भाकरी देत असेल, आणि हे त्याला वाऱ्याच्या गोष्टी सांगत असतील. माझं मन तसंच सांगतं.

पत्रं उघडायचा धीर झाला नाही म्हणता. ठीक आहे. तुम्हाला जे जे बोलले त्यातलं अर्धं मागे घेते. अर्धं ठेवते.

नजीरा


हुणसेवाडी,
ता. ६ जानेवारी १९०२

वीरभद्रअण्णांना सलाम.

हे सापडले. कृष्णेपलीकडे हुणसेवाडी म्हणून लहानसं गाव आहे, तिथल्या बसलिंगाप्पांच्या शेतात बलून उतरलं. त्यांनी आणि त्यांच्या घरच्या दानम्मांनी सगळं नीट केलं. गळ्यातला ताईत बघून शेजारच्या गावातून मुल्लांना बोलावलं, नमाज झाली, माती व्यवस्थित दिली गेली.

वारा तुम्ही सांगितला तसाच होता.

पडले त्याच दिवशी गेले. जमिनीला टेकायच्या आधीच प्राण गेला असणार, असं इथले लोक म्हणतात. वरच्या थंडीत झोप लागावी तसं झालं असेल. तेव्हा पत्र आधी उघडलं असतं तर काय, असलं काही मनात आणू नका. काही फरक पडला नसता.

बांगड्या मी इथेच उतरवल्या.

नजीरा


कोल्हापूर,
ता. ११ जानेवारी १९०२, ईद

अण्णा,

हुणसेवाडीहून जे लिहिलं त्यातली एक गोष्ट खोटी आहे. तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहिली.  तुमचं मन सांभाळायचं आणि माझं दुःखही सांभाळायचं, एवढी ताकद माझ्यात नाही. म्हणून खरं लिहिते. खाली बसून वाचा.

हे त्या दिवशी गेले नाहीत. बरेच दिवस जिवंत होते. मी तुम्हाला पहिलं पत्र लिहिलं तेव्हा होते. दुसरं लिहिलं, घोंगड्याचं आणि चुलीचं, तेव्हाही श्वास चालू होता.

त्या दिवशी संध्याकाळी बलून बसलिंगाप्पांच्या शाळूच्या उभ्या पिकातून फरफटत आलं आणि टोपली विहिरीच्या दगडी काठावर आपटली. कंबर मोडली. हाताची बोटं आणि कान थंडीने काळे पडले होते. नाकातलं रक्त वाळून दाढीला चिकटलं होतं. म्हणजे हे फार उंच गेले होते, अण्णा, तुमचा वारा जिथे असतो तिथे. बसलिंगाप्पांनी बाजेवर घालून घरी नेलं. गावचा वैद्य आला. दानम्मा रोज दूध पाजायच्या, निम्मं बाहेर यायचं. ताप उतरला नाही. शुद्ध अशी आलीच नाही, स्वतःचं नाव सांगता आलं नाही, गाव सांगता आलं नाही.

बसलिंगाप्पा स्वतः कोल्हापूरला आले होते. त्यांना वाटलं, एवढं मोठं रेशमाचं काम कोल्हापूरचंच असणार. गूळ घेऊन आले तेव्हा गुळाच्या अड्ड्यावर विचारलं, "तुमचं कोन आभाळातनं पडल्यात काय?" तिथली माणसं काय म्हणाली ते त्यांनी मला जसंच्या तसं सांगितलं. "पावणं, आमचा माणूस मावळतीला पडलाय. आख्ख्या गावानं डोळ्यांनी बघितलंय. त्याचं घोंगडं बी घावलंय. तुमचा मिरजंच्या सर्कशीतला असंल, तिकडं इचारा." बसलिंगाप्पा मिरजेला गेले. सर्कस तिथून हलली होती. मग घरी गेले. सांगताना त्या म्हाताऱ्या माणसाने माझे पाय धरले. मी त्यांना कसं उठवलं ते मला आठवत नाही.

मी दानम्मांना विचारलं, काहीच बोलले नाहीत का? त्या मला तंगी म्हणतात, त्यांच्याकडे धाकट्या बहिणीला तसं म्हणतात. म्हणाल्या, "एकच बोलायचा, तंगी. वर बघ की गं. वर बघ. दिवसभर तेच. मला वाटलं मलाच सांगतोय. मग मी वर बघायची. वर काय, छपराचं पाचट. पर मी बघितलं की त्यो गप व्हायचा, झोपायचा."

म्हणजे माझ्याऐवजी त्या बघत होत्या.

यांच्या वस्तू दानम्मांनी एका टोपल्यात जपून ठेवल्या होत्या. ताईत, पागोटं, दोरखंडाचे तुकडे आणि वाळूच्या पिशव्या. सगळ्या पिशव्या रिकाम्या होत्या. मी एक उलटी करून झटकली तर शिवणीत अडकलेली चिमूटभर वाळू तळहातावर आली. रव्यासारखी बारीक, एकही खडा नाही. मी चाळलेली. ती बोटांवर चोळत होते, आणि तेव्हा मला आठवलं की असली वाळू मी आधीही अंगावरून झटकली आहे.

माळवदावर, अण्णा. त्या दुपारी. डोक्यावर, पाठीवर, शेवयांवर.

शमशुद्दीनभाईंना काही सांगितलं नाही. घरी आल्यावर डबा उघडला. एक शेवई दिव्यापाशी धरली आणि नखाने वाळू खरवडली. मग पहाटेच झुंबरबाईंच्या दारात गेले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. म्हटलं, "झुंबरबाई, तुमची गिलाव्याची वाळू दाखवा." त्यांना माझ्या उघड्या मनगटांवरून कळलंच होतं. काही न विचारता घमेलं पुढे सरकवलं. जाडी, खडेरी वाळू. म्हणाल्या, "मी तवाच म्हणत व्हते, ही आमची न्हवं. तू ऐकतीस व्हय? आमच्या गवंड्याचं त्या दिवशी कामच न्हवतं." मी त्यांच्या उंबऱ्यावर बसले. त्याही बसल्या. 

तुम्ही आता शास्त्र सांगाल. एवढ्या उंचावरून टाकलेली वाळू अर्ध्या शहरावर पसरेल, एका घरावर कशी पडेल, म्हणाल. पसरलीच असेल. बाकीच्यांनी झाडून टाकली असेल, कोण बघतं? वरच्या वाऱ्याने ती पुढे नेली असेल आणि खालच्या वाऱ्याने मागे आणली असेल. हे तुमच्याच धड्यातलं आहे, माझं नाही. आणि वाळू कोणाच्याही पिशवीतली असली तरी हे त्या वेळी माझ्या डोक्यावरून जात होते, एवढं तर खरं ना? सांगितलं तसे आले. घरावरून गेले, उगवतीकडे. मी तिथे बसले होते, त्यांच्या बरोबर खाली, आणि पन्हाळ्याकडे बघत होते. वाळू पडली तेव्हा सुद्धा मान वर केली नाही. भिंतीकडे वळले आणि शेजारणीला शिव्या दिल्या.

मला ते डोळ्यांपुढे दिसतं. टोपलीच्या काठावरून वाकलेले, बोटं बधिर झालेली, शेवटची पिशवी उपडी करताना. खाली माळवद दिसत असेल, पांढऱ्या धोतरावर पसरलेल्या शेवया दिसत असतील, त्यांच्याशेजारी मी एक ठिपका. ओरडले असतील. एवढ्या उंचावरून हाक कुठे ऐकू येणार? मग हा ठिपका उठून भिंतीकडे गेला असेल. माझं काळीज फाटतं, अण्णा. हे लिहितानाही फाटतं आहे.

तुम्ही पत्र उघडलं नाही आणि मी मान वर केली नाही. आता कोणी कोणाला बोलायचं? दुसऱ्या पत्रात, नव्हे, तिसऱ्या पत्रात, अर्धा राग ठेवून घेतला म्हणून लिहिलं होतं; बघा, आता तेही आठवत नाही. तो रागही मी सोडला. ठेवायला जागा उरली नाही.

आज ईद. दुःखाच्या घरात पहिल्या ईदेला गोड करत नाहीत, शेजारीपाजारी आणून देतात. पण मी चूल पेटवली. सासूबाई म्हणाल्या, "लोक काय म्हनतील?" मी तो डबा त्यांच्यापुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. त्यांनी एक शेवई उचलून जिभेवर ठेवली. मग म्हणाल्या, "कर." झुंबरबाईंनी दूध आणलं. शेवया तुपात परतल्या, दुधात सोडल्या. कच्च्या शेवया धुता येत नाहीत, धुतल्या की लगदा होतो, तेव्हा जशा होत्या तशाच. आम्ही तिघी चुलीपुढे बसून खाल्ल्या. प्रत्येक घासाला दाताखाली कचकच येत होती. कोणीही थुंकली नाही.

धूर वर गेला, आढ्याला लागला, दाराकडे सरकला. मी बराच वेळ वर बघत होते.

तुम्ही या. इनामदारांचं रेशीम बसलिंगाप्पांच्या गाडीतून पोहोचतं केलं आहे, आता तुम्हाला इथे कोणी काही म्हणणार नाही. माझं तोंड आहेच, पण त्याची तुम्हाला सवय आहे. हुणसेवाडीला तुम्हाला मीच घेऊन जाईन. दानम्मा म्हणत होत्या, त्याचा कुणी भाऊ न्हाय का? मी म्हटलं, हाय, धारवाडला.

डब्यात ओंजळभर शेवया उरल्या आहेत. त्या तुमच्यासाठी ठेवल्या आहेत.

नजीरा